मडक्यांवरची जमीन

हे मी आजवर कुणापुढेही बोललेलं नाही. नवऱ्यापुढे नाही, बहिणीपुढे नाही; देवाशी माझं बोलणं सणावारापुरतंच, त्यामुळे त्याच्यापुढे नाहीच नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि ओळख झाली तर मी तुम्हाला आवडणार नाही — म्हणजे दोघांचाही वेळ वाचला. हळहळायच्या तयारीनं बसला असाल तर उठा.

मी व्यवस्थित बाई आहे. हे आधीच सांगते, कारण पुढे मी स्वतः त्याच्याआड लपायला बघणार आहे, आणि ते तुमच्या लक्षात यावं. बिबवेवाडीतल्या माझ्या घरात डाळींचे डबे उंचीप्रमाणे लागतात. सकाळी चहाच्या आधी दिवसभराच्या कामांची यादी होते. पुरातत्त्वाच्या एका संस्थेत मी नोकरी केली. उत्खननाचं शिबिर लागलं, की तंबू, मजूर, पाणी, शिधा आणि सापडलेल्या वस्तूंवर क्रमांक घालणं — सगळं माझ्याकडे. शिकले होते मात्र खणायला. एम. ए. केलं होतं, पहिल्या वर्गात. पण माझ्या देखरेखीखाली एक स्वतंत्र खड्डा द्यावा, असं कुणालाही कधी वाटलं नाही. "तुम्ही नसलात तर शिबिर कोसळेल, बाई," असं सर म्हणायचे. सर म्हणजे आमचे उत्खनन-प्रमुख. स्तुतीच होती ती. दावं काय, रेशमाचंही असतं.

दोन हजार साल लागताच सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, ही वायटूकेची भीती नुकतीच ओसरली होती. पुण्यात ज्याच्या त्याच्या भाच्याला कॉम्प्युटरचा क्लास लागला होता, आणि शहराच्या चारी अंगांनी शेतं विकली जात होती. लोणी काळभोरच्या पुढे, सोलापूर रस्त्यापासून आत नदीकडे एक पांढरीचं टेकाड होतं. जुनी वस्ती मोडली की तिची राखेसारखी माती साचून राहते, तिला गावात पांढर म्हणतात. ते टेकाड एका सॉफ्टवेअर कंपनीच्या आवारात जाणार होतं. खाली काही महत्त्वाचं नाही ना, हे बांधकामाआधी तपासून द्यायचं काम आमच्याकडे आलं. सरांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं होतं — वरवर दोन-तीनशे वर्षांची वस्ती आहे, त्याखाली काही नाही. म्हणजे उत्तर आधी देऊन झालं होतं. आम्ही खणायला गेलो ते गणित करून दाखवायला.

त्या शिबिरात प्रज्ञा आली.

खडकीची मुलगी. वडील दारूगोळा कारखान्यात, राहायला तिथल्याच क्वार्टर्समध्ये. घरात बुद्धाची तसबीर आणि भिंतभर पुस्तकं, असं तिच्याबरोबर शिकलेल्या कुणीतरी सांगितलं. सांगण्याच्या सुरात जे होतं ते मला कळलं, आणि — लिहूनच टाकते — ते मला बरं वाटलं. ती आमच्यातली नव्हती. आल्या आल्या सरांनी तिला खड्डा दिला, नदीच्या बाजूचा. "कोपऱ्यातला आहे, बिघडवून बिघडवणार काय," असं ते मला हळूच म्हणाले, आणि मी हसले. का हसले? विनोद काही इतका चांगला नव्हता.

शिबिराचं स्वयंपाकघर माझ्या हातात होतं. सगळ्यांचे कप एका फळीवर असत. प्रज्ञाचा मी वेगळ्या खुंटीला लावायचे. "तुझा हरवू नये म्हणून हो," असं म्हणायचे. आमच्या पुण्यात अशी वाक्यं गोड आवाजात म्हणायची पद्धत आहे. चारेक दिवस तिनं ऐकून घेतलं. मग एका सकाळी फळीवरचा माझा कप उचलला, त्यात चहा ओतून घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मॅडम, हा बरा आहे. माझ्या कपाला कान नाही. ऐकू येत नाही बिचाऱ्याला." पोरं खो खो हसली. सरसुद्धा. मी तो कप पुन्हा वापरला नाही. तेव्हापासून तिच्याबद्दल मला जे वाटत होतं, त्याला मी मनातल्या मनात 'शिस्त' म्हणायला लागले.

ती कामाला चांगली होती का? होती. मातीचा रंग बदलला की हात थांबायचा तिचा. तो शिकवून थांबत नाही.

शिबिर गुंडाळायचा आठवडा आला, आणि तिच्या खड्ड्यात, सरांनी जिथे काही नाही म्हणून सांगितलं होतं त्याच्याही खाली, चुना-माती चोपून केलेली घराची जमीन लागली. घट्ट, पांढुरकी, हात फिरवला तर गार. आणि एका कडेनं खाली उतरत गेल्यावर त्या जमिनीच्या पोटात दोन मडकी. आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली.

याचा अर्थ काय, ते दोन वाक्यांत सांगते. तीनेक हजार वर्षांपूर्वी या भागातली माणसं दगावलेलं तान्हं मूल घराबाहेर नेत नसत. दोन मडक्यांच्या पोटात ठेवून राहत्या घराच्या जमिनीखाली पुरत, आणि वरून पुन्हा सारवून त्याच जमिनीवर संसार करत. तेव्हा मडक्यांवरून ती जमीन अखंड जात असेल, तर टेकाडाच्या तळाशी तेवढं जुनं गाव आहे, सरांचं म्हणणं चूक आहे, आणि कंपनीला जागा देता येत नाही. मडक्यांवर ती फुटलेली असेल, तर मात्र जमीन कुठल्याही काळची, आणि ती नुसती दोन मडकी. कुठूनही आलेली.

प्रज्ञानं काय केलं असेल? मडक्यांच्या दोन्ही बाजू मोकळ्या केल्या आणि मधोमध, दोन तोंडं जिथे मिळतात त्याच्यावर, हातभर जमिनीची पट्टी तशीच ठेवली. सरांनी येऊन डोळ्यांनी बघावं म्हणून. पट्टीला एक तडा नव्हता.

त्या दिवशी गावाचा बाजार होता. मजुरांना सुट्टी, बाकीची मुलं शहरात गेलेली. सर कंपनीच्या लोकांबरोबर बैठकीला. शिबिरातला एकमेव कॅमेराही त्यांच्याबरोबर. मी तिच्या खड्ड्याच्या काठावर उभी राहून म्हटलं, "आपण इथं शोध लावायला आलेलो नाही, प्रज्ञा. तपासायला आलोय."

"तपासतेच आहे, मॅडम. तपासताना सापडलं तर काय करू? परत पुरू?"

मग तिचा आवाज एकदम बदलला. आनंद झाला की माणूस कुणालाही सांगतो. समोर मी होते, तर मला. "खाली उतरून बघा ना. कड बघा कशी सलग जाते. सरांना फोन करून येते मी हायवेवरून. तोवर इथं थांबाल? कुणी हात लावू नये नुसता."

मी हो म्हटलं. ती जवळजवळ पळतच गेली.

आता इथे मी थोडी थांबते. दोनदा या वाक्यापर्यंत आले आणि दोनदा उठून ओटा पुसून आले. ओटा स्वच्छच होता.

शिबिरात एक रीत असते. प्रमुख येणार असले की खड्डा सजवायचा. भिंती ओळंब्यात, म्हणजे दोरी सोडल्यासारख्या सरळ, तासायच्या, तळ ब्रशनं झाडायचा, उगाच पुढे आलेली ढेकळं काढून टाकायची. हे काम मी कितीतरी शिबिरांत केलेलं होतं, आणि माझ्यासारखी सरळ कड कुणाची येत नसे. तर मी स्वतःला बरीच वर्षं असं सांगत आले, की सवयीनं उतरले. हातात थापी होती. सर येणार होते. मध्येच पुढे आलेलं काहीतरी दिसलं आणि हात चालला. व्यवस्थित बाईची व्यवस्थित चूक. पटण्यासारखं आहे ना?

खोटं आहे. ती पट्टी काय आहे ते मला माहीत होतं. पहिल्या वर्गात पास झालेल्या बाईला ते माहीत नसेल?

मी खाली उतरले. आधी वाकून कड पाहिली. तळहात फिरवला. ती सांगत होती तशीच होती, सलग. उन्हात मला एकदम दिसलं — पुढच्या वर्षीचं मोठं शिबिर, अहवालावर तिचं नाव, आणि त्या शिबिराच्या पाण्याच्या टँकरची वाट बघत उभी असलेली मी. मग थापी घातली. पट्टी मी समजत होते तेवढी घट्ट नव्हती. खारी बिस्किटासारखे तुकडे होत गेले. ते घमेल्यात भरून राडारोड्याच्या ढिगावर पालथे केले आणि वरून आणखी दोन घमेली माती टाकली. परत आले. मडकी उचलली. एक सहज सुटलं, दुसऱ्यातली माती धरून बसली होती, ती मी सावकाश मोकळी केली. आत एक जबडा होता, माझ्या अंगठ्याएवढा. त्यात दुधाचे दात, अजून पुरते वर न आलेले.

इथं माझा हात थांबला, असं लिहायला मला आवडलं असतं. थांबला नाही. मी जबडा कापसात ठेवला, मडकी टोपलीत गवतावर ठेवली, खालचा खळगा भरून तळ एकसारखा केला आणि झाडून काढला. भिंतीची कड ओळंब्यात घेतली. खड्डा सुरेख दिसत होता.

संध्याकाळी जीप आली. प्रज्ञा हायवेवरच थांबून सरांबरोबर आली होती. तिनं वाटेत त्यांना सगळं सांगितलं असणार, कारण सरांचा चेहरा आवळलेला होता. ती पुढे होऊन काठाशी आली आणि तिनं खाली पाहिलं.

मी तो चेहरा तुम्हाला सांगणार नाही. तो सांगून मला काहीतरी मिळेल — बघा, हिला अजून आठवतं, असं तुम्हाला वाटेल. ते नको.

"कुठाय मडक्यांवरची जमीन?" सरांनी विचारलं.

"इथं होती, सर. वरून जात होती. मी राखून ठेवली होती."

"बाई, तुम्ही पाहिलीत?"

नाही म्हणायला किती वेळ लागतो? मी तर पूर्ण वाक्यं बोलले. म्हटलं, "नाही, सर. मी आले तेव्हा खड्डा असाच होता. मडकी काढून बाजूला ठेवलेली. उन्हात तडकतील म्हणून मी टोपलीत ठेवली, एवढंच."

प्रज्ञानं माझ्याकडे पाहिलं नाही. ती खड्ड्याच्या भिंतीकडे बघत होती. मग अगदी सावकाश म्हणाली, "सर, इतकी सरळ कड मला येत नाही."

सर हसले. म्हणाले, "तेही खरंच आहे म्हणा." त्यांना कळलं होतं का? त्यांचं त्यांच्याजवळ. मी इथे फक्त माझं मांडायला बसले आहे. ते गप्प राहिले, आणि त्या गप्प राहण्यात मला एक फट दिसली. तिथे मी शेवटचं वाक्य सारलं. म्हटलं, "जाऊ द्या, सर. मागच्या वर्षी ती ज्या शिबिरात होती, तिथे अशी मडकी ढिगानं निघाली होती म्हणे. घाई असते या मुलांना. पुढे यायची घाई."

या मुलांना. कुठल्या मुलांना, ते तिथल्या तिघांनाही कळलं.

आता तिनं माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, मी मडकी बाहेरून आणून पुरली, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी कुठे काय म्हटलं, बाई? तूच म्हणते आहेस."

तिनं काढलेलं एक चित्र होतं, पट्टीसकट. सरांनी ते हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी बघितलं आणि परत दिलं. "चित्र काय, कुणीही काढतं." दुसऱ्या दिवशी ती बॅग घेऊन गेली. सडकेपर्यंत चालत. जीप रिकामी उभी होती, आणि जीप कुणाला द्यायची हे मी ठरवायची.

अहवालात सरांचं म्हणणं कायम राहिलं. दोन मडकी 'संदर्भहीन' म्हणून कपाटात गेली. जागा मोकळी झाली.

हा झाला माझा गुन्हा, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही पुष्कळ दिवस तसंच वाटे, आणि त्यात एक सोय होती. ऊन होतं, मत्सर होता, एका दुपारचं डोकं फिरणं होतं — त्याला माणूस स्वतःशी काहीबाही नाव देऊ शकतो. पण इतके दिवस मी ज्याच्या भोवती फिरते आहे ते हे नाही.

ते पुढे, बऱ्याच महिन्यांनी घडलं. संस्थेत, पंख्याखाली, माझ्या स्वतःच्या टेबलापाशी. सकाळची अकराची वेळ असेल, चहा नुकताच आलेला. दुसऱ्या राज्यातल्या एका संस्थेतून फोन आला. गृहस्थ सभ्य होते. प्रज्ञानं त्यांच्याकडे सहायकाच्या जागेसाठी अर्ज केला होता, मुलाखत उत्तम झाली होती, घ्यायचं जवळपास ठरलं होतं. "आपल्या शिबिरात होत्या ना त्या? सहज विचारतो. कामाला कशा आहेत?"

माझं काय गेलं असतं? ती पुण्यात राहणार नव्हती. माझ्या समोर येणार नव्हती. तिची जागा माझी नव्हती, माझी कधी होणारही नव्हती. सर बाजूला नव्हते, कुणी मला ऐकत नव्हतं, कुठे काही झाकायची वेळ आलेली नव्हती. "चांगली आहे," एवढे दोन शब्द पुरले असते. "मला आठवत नाही," हेही चाललं असतं.

मी म्हटलं, "हुशार आहे हो. फार हुशार आहे." मग थोडं थांबले — मुद्दाम थांबले, किती थांबायचं याचा अंदाज घेऊन — आणि म्हटलं, "फक्त तिच्या हाताखाली वस्तू जागेवर राहत नाहीत. आता तुम्हीच काय ते समजा."

पलीकडे ते गृहस्थ "अच्छा" म्हणाले. आमच्या कामात याहून वाईट बोलता येत नाही. खणणाऱ्या माणसाजवळ दुसरं काय असतं? वस्तू जिथे होती तिथे होती, हा त्याचा शब्द. तो काढून घेतला की उरते माती. मी तिच्या हातून तो काढून घेतला, आणि मग चहा प्यायले. तो गारही झाला नव्हता.

ती नोकरी तिला मिळाली नाही. हे मला कसं माहीत? खात्री करायला मीच पुन्हा फोन केला होता.

त्यानंतर तिनं ही वाट सोडली. कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि कुठल्याशा कंपनीत लागली, असं कानावर आलं. पगार आमच्यापेक्षा बरा असणार. "एका अर्थी चांगलंच झालं की तिचं" — हे वाक्यही माझं वापरून झालं आहे, नातेवाइकांच्या बैठकीत, पोह्यांच्या बशा फिरवताना, जणू मीच तिला मार्गी लावलं. तिला कॉम्प्युटर नको होता. तिला तो खड्डा हवा होता.

आणि मला? पुढच्या हंगामात सरांनी मला माझा पहिला खड्डा दिला. मी तो ओळंब्यात खणला. बघायला येणारे कडांचं कौतुक करून जायचे.

त्या टेकाडावर आता काचेच्या इमारती आहेत. पायासाठी आणि गाड्या लावायच्या तळमजल्यांसाठी त्यांनी खडकापर्यंत खणलं, यंत्रांनी, आठवडाभरात. पांढरीची माती डंपरमधून कुठे गेली ते कुणाला ठाऊक नाही. तेव्हा तिथे जाऊन आता कुणालाच काही तपासता येणार नाही, आणि कागदावर माझ्या शब्दाविरुद्ध तिचा शब्द आहे. म्हणून माझा शब्द मी बदलते आहे, त्याला काही किंमत उरलेली नाही अशा वेळी.

जमीन होती. चुना-मातीची, चोपलेली, दोन्ही मडक्यांवरून सलग जाणारी. तिला तडा नव्हता. प्रज्ञा खरं सांगत होती. मी खाली उतरून, वाकून, हात फिरवून पाहिली होती, आणि मग ती कापली.